मानसशास्त्राचे नियम आणि तात्यापाऱ्यातलं स्थळ

आमच्या शाळेत मानसशास्त्र हा विषय अभ्यासक्रमामुळे चालत नाही, माझ्या भांडखोरपणामुळे चालतो. शाळा रायपूरच्या शंकर नगरात, पोट्टे डॉक्टर-इंजिनियरांचे, आणि त्यांच्या आईबापांच्या मते मानसशास्त्र म्हणजे पागलखान्यातली नोकरी. अकरावीच्या प्रवेशाला एका वडिलांनी मला विचारलं, "मैडम, इसमें आगे क्या है?" मी म्हटलं, "आगे आप हैं." ते हसले नाहीत आणि पोराला कॉमर्सला टाकून आले.

आमचे प्राचार्य माणूस वाईट नाही, पण तक्रार या गोष्टीला ते फार भितात. मागल्या वर्षी बारावीतल्या एका पोट्ट्यानं लग्नाच्या पंगतीत स्वतःच्या आत्याला तिच्या स्वभावाचं इंग्रजी नाव सांगितलं, लक्षणांसकट. आत्या दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. ती गेल्यावर प्राचार्यांनी मला बोलावलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "मैडम, अब एक भी शिकायत आई तो सब्जेक्ट बंद." बंद म्हणजे मी परत सहावीला. सहावीच्या पोरांकडून मी महानदीच्या उपनद्या कितीतरी वर्षं पाठ करून घेतल्या आहेत. शिवनाथ, हसदेव, जोंक. माझं उपनद्यांशी वैर नाही, पण मानसशास्त्रात एम. ए. करून उरलेला जन्म जोंक नदीच्या काठी काढायची माझी तयारी नव्हती.

म्हणून मी नियम लिहिले. सुट्टीभर बसून लिहिले, आणि असे लिहिले की वकिलालाही घाम फुटावा. वर्गात मोबाईल बंद. काम उशिरा दिलं तर गुण कमी, आणि "मैडम, लाइट गई थी" हे कारण चालणार नाही, कारण लाइट माझीही जाते. नेटवरून उतरवलेला एक परिच्छेद सापडला तर सगळं पुन्हा लिहायचं. घरच्या, दारच्या, शेजारच्या, कुठल्याही जिवंत माणसाला कुठलाही आजार लावायचा नाही. मेलेल्यालाही नाही, हे मी नंतर पेनानं जोडलं, कारण एका पोट्टीनं आजोबांच्या फोटोकडे बघून विचारलं होतं.

सगळ्यात जास्त नियम होते ते बारावीच्या प्रकल्पाचे. प्रत्येकानं एक मोठा माणूस निवडायचा, त्याच्या घरी चारदोनदा जाऊन बसायचं, त्याच्या आयुष्याबद्दल विचारायचं आणि ऐकलेलं लिहायचं. माणूस नात्यातला नको. त्याची लेखी परवानगी पाहिजे. नाव लिहायचं नाही, फोटो घ्यायचा नाही. बोलताना खोलीचं दार उघडं आणि घरात आणखी एक मोठं माणूस हजर. त्यानं सांगितलेलं बाहेर बोलायचं नाही, अगदी मलाही फक्त कागदावर सांगायचं. आणि शेवटची बैठक झाली की पुन्हा त्याच्या घरी जायचं नाही, फोन करायचा नाही, म्हणजे त्या माणसाला उगाच त्रास नको. हे सगळं मी पहिल्या दिवशी उभ्यानं वाचून दाखवलं, पालकांच्या सह्या घेतल्या, आणि मनात म्हटलं, आता या रायपुरात कोण तक्रार करते ते बघतेच.

वर्गात तात्यापारा या जुन्या मराठी मोहल्ल्यातली एक मराठी पोट्टी होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत. हुशार, आणि नियम पाळण्याच्या बाबतीत माझ्याहून कडक. तिची पंचाईत ही झाली की तात्यापाऱ्यात जो भेटेल तो तिचा मामा नाहीतर मावसा. आमची मराठी घरं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथे आहेत, इतक्या पिढ्यांत सगळे एकमेकांत असे गुंतलेत की नात्यातला नको म्हटल्यावर गल्लीच संपली. आणि ओळखीच्या घराबाहेर तिला पाठवायला तिची आई तयार नव्हती. शेवटी एक माणूस सापडला. सरकारी कचेरीत नोकरी, वय तिशीच्या पुढे, आईबरोबर राहतो, आणि हिचा कोणीच लागत नाही. तिनं येऊन मला सांगितलं, "मैम, मिल गए एक. कोई रिश्ता नहीं है, मैंने दो बार चेक किया." मी तिची पाठ थोपटली.

आता त्या घरात काय झालं ते मला फार नंतर कळलं, पण इथेच सांगून टाकते, म्हणजे तुमचा माझ्यासारखा गोंधळ व्हायला नको.

तात्यापाऱ्यात लग्नाच्या वयाचा मुलगा असलेल्या घरी एक दिवस चांगल्या घरची एक पोट्टी येते. म्हणते, मॅडमनी पाठवलंय. मुलाची जन्मतारीख विचारते, शिक्षण विचारते, नोकरी कायम आहे का ते विचारते. राग येतो का, आला तर काय करता? झोप कशी आहे? घरात कुणाशी जास्त जमतं? पुढं आयुष्यात काय करायचं ठरवलंय? परवानगीच्या कागदावर खाली माझं नाव, आडनावावरून मराठी. मुलाच्या आईनं, म्हणजे त्या घरच्या बाईंनी, चार घरी फोन केले, तर कळलं की मॅडम तात्यापाऱ्यातच वाढलेली, लग्न झालेलं नाही. झालं. आमच्या लोकांत याला प्रकल्प म्हणत नाहीत, चौकशी म्हणतात.

बाईंनी जन्मतारखेसोबत जन्मवेळ दिली, गोत्र दिलं, न विचारता पगार दिला. मग कपाटातून मुलाचा निळ्या कोटातला फोटो काढला. पोट्टी म्हणाली, "नहीं काकू, मैडम ने मना किया है. नाम भी नहीं, फोटो भी नहीं." बाई भारावल्या. केवढं संस्कारी घराणं, रूप बघत नाही, आधी स्वभाव बघते. त्या दिवशीपासून पोट्टीला प्रत्येक बैठकीला पोहे, त्यावर शेव, आणि शेवटच्या बैठकीला घरचा चिवडा बांधून. आणि खोलीचं दार उघडं, हा तर माझाच नियम. दाराच्या बाहेर बाई तांदूळ निवडत बसायच्या. इतके तांदूळ त्या घरात वर्षभर कोणी निवडले नव्हते.

मला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. पहिली कुणकुण लागली ती माझ्या आईकडून. ती सदर बाजारात गळ्यातलं गाठवायला गेली होती, तिथे एक जुनी ओळखीची भेटली. घरी आली ती पिशवी न ठेवताच म्हणाली, "काहून गं, तू मुलगा पाहून राहिली म्हणते?"

"कोण म्हणते?"

"सगळा तात्यापारा म्हणते. शाळेच्या पोट्ट्या पाठवून चौकशी करून राहिली म्हणते. मले सांगितलं असतं तर मी गेली नसती का?"

मी हसले. खरंच हसले, पोट धरून. आमच्या पाऱ्यात लोकांना काम नाही असं म्हटलं आणि पेपर तपासायला बसले. हुशार माणसाला अक्कल उशिरा येते म्हणतात, मला तर त्या आठवड्यात आलीच नाही. पोट्टीच्या बैठका झाल्या होत्या. नियमाप्रमाणे तिनं त्या घरी जाणं बंद केलं, फोन उचलणं बंद केलं, रस्त्यात ती बाई दिसली तर नमस्कार करून पलीकडच्या बाजूनं जायला लागली. आणि तिकडे त्या बाईंचा जीव टांगणीला लागला.

एका सकाळी तिसऱ्या तासाला चपराशी आला, प्राचार्यांनी बोलावलंय. मी गेले तर खुर्चीवर एक बाई बसलेल्या, इरकलीसारखी जाड काठाची साडी, ओठ घट्ट मिटलेले. त्यांच्या मागे एक उंच माणूस हातात हेल्मेट घेऊन उभा, नजर जमिनीवर. प्राचार्यांनी टेबलावर एक कोरा कागद आणि पेन काढून ठेवलं होतं. माझ्याकडे पाहून म्हणाले, "मैडम, शिकायत आई है." माझ्या डोळ्यांपुढून शिवनाथ आणि हसदेव वाहत गेल्या.

"काय झालं काकू?" मी विचारलं.

"मलेच विचारता?" बाई म्हणाल्या. "माझ्या पोराची सगळी माहिती नेली. जन्मवेळ नेली, पगार नेला, लहानपणी टायफॉइड झाला होता तो नेला. आम्ही काही लपवलं नाही. आणि आता ती पोट्टी रस्त्यात तोंड फिरवते. अहो, पसंत नसेल तर नाही म्हणा. 'हो' नाही, 'नाही' नाही, काहीच कळवायचं नाही, ही कोणती रीत झाली? शिकलेल्या ना तुम्ही?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हसू येण्याच्या आधी अंगाला घाम आला. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं, की हा बारावीचा अभ्यास आहे, असे प्रश्न सगळ्याच पोरांनी कुणाकुणाला विचारलेत, यात स्थळ नाही, आणि माझा तर काहीच संबंध नाही. प्राचार्यांसाठी तेच हिंदीत सांगितलं. प्राचार्यांनी ओठांवर हात ठेवला, खोकल्यासारखं केलं आणि खिडकीबाहेर बघू लागले.

बाईंना हसू आलं नाही. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे तुमच्यासाठी नव्हतंच," असं हळू म्हणाल्या. मग एकदम आवाज चढला. "मी नागपूरले माझ्या बहिणीले सांगितलं. गल्लीत सांगितलं. बिलासपूरचं चांगलं स्थळ तुमच्यापायी थांबवून ठेवलं. आता कोणतं तोंड दाखवू?" त्यांनी कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. आणि मला राग यायला पाहिजे होता तो आला नाही, कारण त्यांचं बरोबर होतं. मी वकिलाला घाम फुटेल असे नियम लिहिले होते आणि ज्या माणसाच्या घरात पाऊल ठेवायचं त्याला निरोप कसा द्यायचा, हे लिहायचं राहून गेलं होतं.

पोट्टीला बोलावलं होतं, ती दारात रडकुंडीला येऊन उभी. "मैम, मैंने सब नियम से किया," एवढंच म्हणत होती. तिला काय बोलू? तिनं नियमानंच केलं होतं.

तेव्हा तो मागे उभा असलेला माणूस बोलला. "आई, मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"की हे शाळेचं काम आहे. कागदावर लिहिलं होतं. मी वाचूनच सही केली."

बाईंनी पेन धरलेला हात हवेत तसाच ठेवून मान मागे वळवली. "मग सांगितलं काहून नाही?"

त्यानं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "तू बिलासपूरचं थांबवलं ना. म्हणून."

प्राचार्यांना मराठी येत नाही, पण एवढं त्यांनाही समजलं असावं, कारण ते खुर्चीत पुढे सरकले. बाईंचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता इथेच त्याच्या पाठीत धपाटा बसतो, तिशी ओलांडलेली असली तरी. पण त्या दुसरंच बोलल्या.

"या पोट्टीशी तू घंटा घंटा बोलत होता. मी ऐकलं सगळं. तुझे बाबा गेले तेव्हा तुले काय वाटलं, ते तिले सांगितलं. मले कधी सांगितलं नाही. मी विचारत नाही का तुले?"

"विचारते ना," तो म्हणाला. "पण उत्तरही तूच देते."

हे तो उर्मटपणे म्हणाला नाही. फार दमून म्हणाला. बाईंनी पेन टेबलावर ठेवलं. मग पोट्टीकडे वळून, जशी एखादी भाजीत काय घातलं ते विचारते तशा आवाजात त्यांनी विचारलं, "तू काय करते गं? कसं विचारते त्याले?"

पोट्टीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. प्रश्न गुपित नव्हते, उत्तरं गुपित होती. "काकू, कुछ नहीं," ती म्हणाली. "पूछने के बाद चुप रहती हूँ."

"किती वेळ?"

"जब तक वो बोलें."

"आणि नाहीच बोलला तर?"

"तो भी चुप."

बाईंनी हे असं ऐकलं जसं कोणी त्यांना उपास करायला सांगतंय. मग साडीचा पदर नीट केला, मुलाकडे सरळ बघितलं आणि विचारलं, "तुले लग्न करायचं नाही का?" आणि ओठ मिटले. मी आयुष्यात कुणाला गप्प बसायला एवढे कष्ट पडलेले पाहिले नाहीत. एकदा तोंड उघडलं, पोट्टीनं हळूच बोट वर केलं, परत मिटलं. प्राचार्य मध्येच "तो फिर शिकायत का" म्हणायला गेले, तर मी, जिची नोकरी त्यांच्या हातात होती, त्यांना हातानं थांबवलं.

"आता नाही, आई," तो म्हणाला. "पुढचं मले माहीत नाही. पण दर रविवारी कोणाच्या घरी जाऊन बसायचं, ते नाही होत आता माझ्याकडून."

"बरं," बाई म्हणाल्या. एवढंच. आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पदरानं नाही, सरळ हातानं पुसलं.

माझा जीव मात्र त्या कोऱ्या कागदातच अडकलेला होता. प्राचार्यांनी तो परत बाईंपुढे सरकवला. त्यांचंही खरं आहे, त्यांना काहीतरी फाइलला लावायचं होतं. बाईंनी पेन हातात घेतलं आणि लिहायच्या आधी माझ्याकडे वळल्या. "लिहीन की नाही ते मग पाहू. आधी तुम्ही सांगा मॅडम. तुम्ही काहून नाही केलं लग्न?"

या प्रश्नाला माझ्याकडे खूप तयार उत्तरं आहेत. सकाळच्या भाजीवाल्याला एक, नात्यातल्या बायकांना एक, स्टाफरूमला एक, सगळी तिखट. त्यातलं एक जिभेवर आलंच होतं. पण ही बाई विचारून गप्प बसली होती. पुढचं "तुमचं वय तर काही जास्त नाही" वगैरे काही आलं नाही. पंखा फिरत होता, पोट्टी दारात उभी होती, आणि सगळे माझ्या उत्तराची वाट पाहत होते. जिभेवरचं ते तिखट उत्तर एकदम निसटून गेलं, त्याचा मला फार राग आला, आणि रागातच खरं ते बोलून गेले.

"मला बघायला आले होते काकू. एकदा नाही, बरेचदा. जाताना सगळे म्हणायचे, कळवतो. आणि कळवायचं कोणी नाही. आई दिवसभर फोनजवळ बसायची. फोन वाजला की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचे, ऐकू येऊ नये म्हणून. शेवटी मीच म्हटलं, आता पुरे. नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं हो. नाही ऐकून कोणी मरत नाही."

हे मी याआधी कोणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. आणि सांगितलं ते प्राचार्यांच्या खोलीत, एका विद्यार्थिनीसमोर, तक्रार करायला आलेल्या बाईला. बारावीच्या नियमांप्रमाणे मला त्या दिवशी शून्य गुण मिळायला हवे होते.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. कागद होता तसा प्राचार्यांकडे सरकवला. "शिकायत नहीं है साहब," त्या म्हणाल्या. "लेकिन बच्चों को बोलना, आखिरी दिन घर में बोल के आना. हो गया, अब नहीं आएँगे, ऐसा. इतना तो बोलना पड़ता है." प्राचार्य "जी, जी, बिलकुल" म्हणाले आणि तो कागद घाईघाईनं ड्रॉवरमध्ये टाकला, बाईंचं मन बदलायच्या आत. मानसशास्त्र वाचलं होतं.

मुलगा गाडी काढायला पुढे गेला. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला आले. मला वाटलं आता या म्हणतील, कधी घरी या. पण त्या फाटकाची कडी धरून उभ्या राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "याच्यासाठी मीही पोट्ट्या पाहून आली, मॅडम. दुर्गची एक होती, धमतरीची एक होती. कळवतो म्हटलं दोघींच्या घरी. धमतरीची दारापर्यंत आली होती सोडायले, अशीच, तुमच्यासारखी."

मी कडीवरच्या त्यांच्या हाताकडे पाहिलं.

"लय दिवस झाले," त्या म्हणाल्या. "आता सांगितलं तर चालते का?"

रस्त्यावर मुलानं गाडी चालू केली होती. त्यांनी तिकडे बघितलं नाही. माझ्याकडेच बघत, उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या.

"चालते, काकू," मी म्हटलं. "अजून चालते."